छापखान्याच्या दारी जाण्यापूर्वी

बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरांत मंडळाच्या स्मरणिकेला जे स्थान आहे, ते महाराष्ट्रात राहणाऱ्यास सहजी उमगावयाचे नाही. जुनी पेटी उघडावी, तर तळाशी लुगड्याच्या घडीत एखादी स्मरणिका हमखास सापडते. तिच्यात कोणाच्या आजोबांचे छायाचित्र असते, कोणाच्या आत्याची उभ्या जन्मातील एकुलती एक छापील कविता असते, गणेशोत्सवात झालेल्या नाटकातील पात्रांची यादी असते. ज्या कुटुंबांचा इतिहास कोणी इतिहासकार लिहिणार नाही, त्यांचा तोच इतिहास होय. म्हणूनच अशा पुस्तिकेत राहून गेलेली चूक ही केवळ छपाईची चूक राहत नाही. तशी एक चूक आमच्या हातून घडली. तिचे प्रायश्चित्त म्हणून, आणि ती इतरांच्या हातून घडू नये म्हणून, या वेळचे हे सदर आम्ही एका रूक्ष वाटणाऱ्या विषयास वाहिले आहे. तो विषय म्हणजे संगणकावर तयार केलेला मजकूर व चित्रे छापखान्याकडे सोपविण्यापूर्वी घ्यावयाची काळजी.

२०२३ साली इंदुरातील आमच्या वस्तीच्या मंडळास पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. मराठी शिकविणारा माणूस म्हणून स्मरणिकेचे संपादन आमच्या गळ्यात पडले. मांडणीचे काम आमच्या भाच्याने संगणकावर हौसेने केले. मुख्य आकर्षण होते ते १९५२ सालच्या गणेशोत्सवातील सामूहिक छायाचित्राचे. मंडळाच्या प्रारंभीच्या काळातील ते एकमेव छायाचित्र. ते ज्यांनी जपून ठेविले होते, त्या आजी आज शहाऐंशी वर्षांच्या आहेत. छायाचित्रातील मागच्या रांगेत, अगदी उजव्या टोकास, त्यांचे थोरले बंधू स्वयंसेवकाच्या वेषात उभे होते. दोन वर्षांनी विषमज्वराने ते गेले. त्यांचे दुसरे छायाचित्र कोठेही नाही.

प्रकाशन समारंभ थाटात पार पडला. पहिली प्रत आजींच्या हाती देण्यात आली. त्यांनी चष्मा पुसला, पान उघडले, आणि डावीकडून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवीत त्या रांगेच्या शेवटापर्यंत गेल्या. बोट कागदाच्या कडेवरून खाली घसरले. त्यांनी पुन्हा एकदा पाहिले. मग आमच्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, आमचा दादा कुठं गेला हो?"

कागदाच्या कडेशी एक खांदा व एक हात तेवढा उरला होता. चेहरा कापला गेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तणतणत छापखाना गाठला. तेथील संगणकावर बसणारा तरुण मोठा सुशील होता. त्याने आमचे सर्व बोलणे ऐकून घेतले, आमचीच फाइल आमच्यापुढे उघडली आणि नम्रपणे म्हणाला, "सर, जैसी फाइल आई, वैसी छपी।" त्याने जे दाखविले ते पाहून, रागावून गेलेले आम्ही खजील होऊन परतलो. त्यानंतर त्या तरुणाकडे आम्ही अनेक खेपा घातल्या आणि पन्नाशी उलटल्यावर पुन्हा एकदा विद्यार्थी झालो. त्या शिकवणीचे सार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक मूळ गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी लेखक आणि छापील पान यांच्यामध्ये माणसे उभी असत. खिळे जुळविणारा अक्षर न् अक्षर हाताने उचलीत असे. मुद्रितशोधक ओळ न् ओळ वाचीत असे. त्यांच्या हातूनही चुका होत, परंतु मजकूर कोणाच्या तरी डोळ्यांखालून जात असे. आज फाइल संगणकातून निघते ती थेट छपाईच्या पत्र्यावर उतरते. मधे ती वाचणारा कोणीही नाही. यंत्रास आपल्या मनातील हेतू कळत नाही. फाइलमध्ये जे आहे तेवढेच त्यास कळते. त्यातून आपण महाराष्ट्राबाहेरचे. येथील छापखान्यात जो कोणी चुकून पान चाळील, तोही हिंदी वा गुजराती, कन्नड वा तेलुगू वाचणारा असतो. मराठीतील दोष त्याच्या नजरेस यावा तरी कसा? म्हणून पुण्यामुंबईच्या माणसाने जेवढी दक्षता घ्यावी, त्याहून दुप्पट दक्षता आपण घेतली पाहिजे.

आता पानाच्या आकाराकडे वळू. आमची स्मरणिका ए-४ आकाराची, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच. भाच्याने फाइलही नेमकी तेवढीच केली व छायाचित्र पानाच्या कडेपर्यंत भिडविले. वरवर पाहता यात चुकले काय? चुकले ते असे, की छपाई पानाच्या मापाच्या कागदावर होत नाही. ती मोठ्या कागदावर होते. मग तो कागद दुमडून, शिवून शेवटी धारदार पात्याखाली एका गठ्ठ्याने कापला जातो. गठ्ठ्यातील कागद केसभर इकडेतिकडे सरकतो. चित्र नेमके कडेपाशी संपत असेल, तर काही प्रतींत पांढरी चीर दिसू लागते. ती दिसू नये म्हणून चित्र कडेच्या बाहेर ३ मिलिमीटर वाढवून द्यावयाचे असते. या वाढाव्यास छापखान्यात 'ब्लीड' म्हणतात. म्हणजे ए-४ पानाची फाइल चहूबाजूंनी वाढवून २१६ बाय ३०३ मिलिमीटरची हवी. आमच्या फाइलीत हा वाढावा नव्हता. छापखान्याने तो मिळविण्यासाठी सबंध पानच किंचित मोठे केले. त्यात कडेचे ३ मिलिमीटर गेले, पात्याच्या सरकण्यात आणखी एखाददुसरा गेला, आणि आजींचे बंधू नेमके त्या चार-पाच मिलिमीटरांत उभे होते.

बाहेर वाढावा हवा तसा आत मोकळा पट्टाही हवा. नाव, चेहरा, पानक्रमांक, असे जे जे म्हणून गमावून चालणार नाही, ते कापाच्या रेषेपासून निदान ५ मिलिमीटर, आणि जुन्या सामूहिक छायाचित्राच्या बाबतीत १० मिलिमीटर आत असावे. आमचे स्पष्ट मत असे, की पूर्वजांचे छायाचित्र कडेला भिडवूच नये. त्यास चारी बाजूंनी कोऱ्या कागदाची चौकट द्यावी. पुस्तिका पाठीशी डिंकाने चिकटविली जाणार असेल, तर शिवणीकडील समासही १५ ते २० मिलिमीटर ठेवावा; नाहीतर ओळींची टोके खाचेत जातात व वाचणाऱ्यास पुस्तक मोडून वाचावे लागते. मधोमध तारेचे टाके मारावयाचे असतील, तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. आमची पाने नव्वद भरली होती. अखेर ब्याण्णव करावी लागली व दोन जाहिराती धावपळीत मिळवाव्या लागल्या. हे अगोदर ठाऊक असते, तर दोन लेख परत करण्याचा कटू प्रसंग टळला असता.

आता छायाचित्रांसंबंधी. छपाईचे यंत्र फिकी शाई छापू शकत नाही. ते लहानमोठे ठिपके छापते, आणि त्या ठिपक्यांच्या दाटीविरळीतून डोळ्यास गडद-फिकट छटा भासते. चांगल्या कागदावर एका इंचात अशा ठिपक्यांच्या साधारण १५० ओळी असतात. छायाचित्रात त्याच्या दुप्पट, म्हणजे दर इंची ३०० पिक्सेल असावेत, असा व्यवहारातील दंडक आहे. हिशेब अगदी प्राथमिक शाळेतील आहे. छायाचित्र ८.५ इंच रुंद छापावयाचे असेल, तर ८.५ गुणिले ३००, म्हणजे रुंदीत २५५० पिक्सेल हवेत. आमच्याकडे आलेले छायाचित्र अवघे १२८० पिक्सेलांचे होते. म्हणजे दर इंची दीडशे. संगणकाच्या पडद्यावर ते स्वच्छ दिसत होते, कारण पडद्यास तेवढे पुरते; कागदावर उतरताच चेहरे लोकरीचे विणल्यासारखे दिसू लागले.

इतके पिक्सेल गेले कोठे? ते वाटेत सांडले. आजींच्या नातवाने छायाचित्राचे मोबाइलवर छायाचित्र घेतले, ते व्हॉट्सअॅपवरून मंडळाच्या चिटणिसांस पाठविले, चिटणिसांनी आम्हांस पाठविले, आम्ही भाच्यास. व्हॉट्सअॅपवर साधे छायाचित्र म्हणून पाठविले की त्याचा आकार आकसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविल्यास ते जसेच्या तसे जाते, ईमेलनेही जाते. सर्वांत उत्तम म्हणजे मूळ छायाचित्र मागून घ्यावे, स्वतः स्कॅन करावे आणि त्याच दिवशी परत करावे. मूळ छायाचित्र ४ इंचांचे असून ८ इंचांचे छापावयाचे असेल, तर स्कॅन दर इंची ६०० वर करावे, म्हणजे दुप्पट केल्यावर ३०० उरतील. लहान चित्र संगणकावर ताणून मोठे केल्याने पिक्सेलांची संख्या वाढते, तपशील वाढत नाही. पातळ ताक आणखी पातळ केल्याने त्याचे दही होत नाही.

येथे एका नव्या मोहाविषयी सावध करणे अगत्याचे वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेने जुने छायाचित्र 'उजळून' देणारी साधने आता घरोघरी पोहोचली आहेत. भाच्याने आपली चूक सावरण्यासाठी तो पुसट चेहरा अशा साधनास दिला आणि क्षणार्धात एक रेखीव, टवटवीत तरुण पडद्यावर उमटला. डोळ्यांच्या पापण्याही दिसत होत्या. आम्ही मूळ छायाचित्राशी ताडून पाहिले, तो नाक निराळे, हनुवटी निराळी. जे तपशील मुळात नव्हते, ते यंत्राने इतर चेहऱ्यांच्या अनुभवावरून कल्पून भरले होते. तो तरुण देखणा होता खरा. पण तो आजींचा दादा नव्हता. पुसट का होईना, मूळ असेल तेच छापावे.

रंगांची कथा तितकीच मासलेवाईक. मुखपृष्ठावर आम्ही केशरी ध्वज घातला होता. पडद्यावर तो असा तळपत होता, की कार्यकारिणीने टाळ्या वाजविल्या. छापून आला तेव्हा त्याचा विटकरी झाला होता. छापखान्याने शाईत काटकसर केली, असा आरोप एका सभासदाने केला. तो अन्यायाचा होता. संगणकाचा पडदा प्रकाशाने रंगवितो. तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश मिळून तेथे सर्व रंग होतात, आणि तिन्ही पूर्ण तेजाने मिळाले की पांढरा होतो. कागद स्वतः प्रकाश देत नाही. तेथे शाई लागते. आकाशी निळ्या वळणाची सायन, किरमिजी वळणाची मॅजेन्टा, पिवळी आणि काळी, अशा चार शायांतून कागदावरचे सारे जग उभे करावयाचे असते. समईचा उजेड आणि समईचे चित्र यांत जो भेद, तोच येथे आहे. तळपता केशरी, झगझगीत पोपटी, विजेसारखा निळा हे रंग या चार शायांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. संगणक त्यांना जवळच्या मंद रंगात बसवितो. निळ्यास तर अनेकदा जांभळी झाक येते. म्हणून फाइल प्रारंभापासून या चार शायांच्या पद्धतीतच, म्हणजे सीएमवायके पद्धतीत, पाहावी. रंग उतरणारच असेल, तर तो आपल्या डोळ्यांदेखत उतरावा. नेमका एखादाच रंग प्राणाहून प्रिय असेल, तर त्या रंगाची स्वतंत्र शाई पाचवी म्हणून वापरता येते. खर्च मात्र वाढतो.

काळ्या रंगाविषयी दोन शब्द. मजकुराचा काळा हा निव्वळ काळ्या शाईचाच असावा. संगणकावरील काळा पुष्कळदा चारही शायांचा मिळून झालेला असतो. चार पत्रे एकावर एक तंतोतंत जुळणे कठीण; केसभर फरक पडला की प्रत्येक अक्षराभोवती रंगीत सावली धरते. रोमन अक्षरे तेवढ्याने बिघडत नाहीत. आपली अक्षरे बिघडतात, कारण आपल्या लिपीत अर्थ टिंबावर उभा असतो. अनुस्वार सावलीत बुडाला की "त्यांनी" चे "त्यानी" होते. गडद रंगीत पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरे ठेवणेही याच कारणास्तव टाळावे. आणि चारही शाया शंभर शंभर टक्के एकावर एक कधीही चढवू नयेत. गुळगुळीत कागदास सर्व मिळून सुमारे ३०० टक्के व वर्तमानपत्री कागदास सुमारे २४० टक्के शाई सोसते. त्यापलीकडे ती वाळत नाही आणि समोरच्या पानावर डाग उमटतो.

आता अक्षरांकडे येतो. हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय. वाचकांनी थोडे सोसावे.

मराठी अक्षर आणि छापण्याचे साधन यांची गाठ सहजासहजी पडलेली नाही. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. त्याच भूमीत फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. भाषा मराठी, ओवी मराठी, परंतु लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. विल्यम केरी यांचे मराठीचे व्याकरण देवनागरी खिळ्यांनिशी १८०५ साली निघाले, तेही दूर बंगालमधील श्रीरामपुरास. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापले, तेव्हा हाताने काढलेले वळणच दगडावर उतरले. खिळ्यांच्या काळात जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या जुळाऱ्यास रोमनच्या कितीतरी पट घरे सांभाळावी लागत. इतक्या सायासांनी जे अक्षर कागदावर आले, ते संगणकाच्या एका चुकीच्या कळीने बिघडावे, याचे दुःख होते.

बिघाडाचे पहिले कारण जुने फॉन्ट. युनिकोड रुळण्यापूर्वी आपले मराठी फॉन्ट रोमन कळांवर मराठी चित्रे चिकटविलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच. फॉन्टचा मुखवटा चढला की मराठी दिसे. तो फॉन्ट छापखान्यातील संगणकावर नसला, की मुखवटा गळून पडतो आणि पानभर निरर्थक रोमन अक्षरे उरतात. युनिकोडात, ज्याच्या पहिल्या, १९९१ सालच्या आवृत्तीपासून देवनागरी आहे, प्रत्येक अक्षरास स्वतःची ओळख असते. म्हणून नवे लेखन युनिकोडातच करावे. जुन्या मजकुराचे रूपांतर केल्यास ते मुळाशी अक्षरशः ताडून पाहावे.

दुसरे कारण मांडणीचा कार्यक्रम. युनिकोडातील मजकूर जुन्या पेजमेकरमध्ये नीट उतरत नाही. इनडिझाइनसारख्या कार्यक्रमातही भारतीय लिप्यांसाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' ही सोय निवडावी लागते. ती न निवडल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरे फुटतात आणि पाय मोडलेली अक्षरे रांगेत उभी राहतात. हा दोष ढळढळीत असल्यामुळे निदान दिसतो तरी.

खरा घात होतो तो न दिसणाऱ्या दोषांनी, आणि तेथेच आपल्या मराठीपणाची कसोटी लागते. मराठीत रफार निराळा आणि अर्धचंद्रासारखा आडवा 'ऱ' निराळा. हिंदीत हा दुसरा प्रकार नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हा आडवा 'ऱ' पुष्कळदा एका अदृश्य जोडचिन्हाच्या आधाराने लिहिलेला असतो. मजकूर एका कार्यक्रमातून दुसऱ्यात नेताना ते चिन्ह गळते, आणि 'ऱ' डोक्यावर जाऊन रफार होतो. आमच्या स्मरणिकेत आभार मानताना आम्ही लिहिले होते की, महाप्रसादाच्या पुरणपोळ्या सिद्ध करणाऱ्या आचाऱ्यांना मंडळ विसरणार नाही. छापून आले, 'आचार्यांना'. शहरातील दोन विद्वान गृहस्थांनी आम्हांस भेटून, आपण पुरणपोळ्या केल्या नसल्याचे गंभीरपणे कळविले.

तशीच कथा 'ळ' ची. हिंदी वाचणाऱ्या सुशील तरुणास 'ळ' ही टंकलेखनाची चूक वाटते आणि तो सद्भावनेने ती सुधारतो. त्याने एका रात्रीत आमच्या 'काळे' कुटुंबाचे 'काले' केले, 'बाळ' चे 'बाल' केले, आणि ज्या नगरीत आम्ही राहतो तिच्या लोकमातेचे आडनाव होळकर याचे होलकर केले. 'ल' आणि 'श' यांची वळणेही मराठीत व हिंदीत निरनिराळी आहेत. फॉन्ट निवडताना मराठी वळण पाहून घ्यावे. कोणी म्हणेल, अर्थ कळतो ना, मग इतका काथ्याकूट कशासाठी? आमचे उत्तर असे, की ज्या मुलांना शाळेत मराठी मिळत नाही, त्यांना ती पाहावयास मिळते ती अशाच पुस्तिकांतून. तेथेच 'ळ' हरवला, तर ती तो कोठे शोधणार?

अखेरची फाइल पीडीएफ स्वरूपात द्यावी. तिच्यात सर्व फॉन्ट अंतर्भूत आहेत, याची खात्री करावी. छपाईसाठी बेतलेले पीडीएफ/एक्स-१ए हे रूप मागितल्यास फॉन्ट व चार शाया या दोन्ही गोष्टींची पुष्कळशी निश्चिती आपोआप होते. मुखपृष्ठासारख्या मोजक्या मजकुराची अक्षरे रेषाकृतीत बदलून दिली, की फॉन्टचा प्रश्नच उरत नाही. पण एकदा रेषाकृती झाली की ते अक्षर राहत नाही, चित्र होते. त्यात मग काना-मात्रा सुधारता येत नाही. म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी.

आणि एवढे सर्व झाल्यावर, त्या अंतिम पीडीएफची कागदावर प्रत काढावी व ती वाचावी. पडद्यावर नव्हे, कागदावर. ज्याने टंकलेखन केले त्याने नव्हे, दुसऱ्याने. शक्य तर घरातील वडीलधाऱ्या माणसास मोठ्याने वाचावयास सांगावे आणि दुसऱ्याने मूळ हस्तलिखितावर डोळा ठेवावा. लेखांपेक्षा नावे, मथळे, तारखा व छायाचित्रांखालील ओळी आधी तपासाव्यात, कारण चुका तेथे अधिक लपतात. छायाचित्रातील माणसे एक एक करून मोजावीत. मुद्रितावर सही करणे म्हणजे जबाबदारी घेणे होय. ती सही आम्ही घाईत, समारंभाच्या निमंत्रणपत्रिका वाटता वाटता, केली होती. कापला गेलेला चेहरा त्या मुद्रितावर शाबूत होता, पण कडेस चिकटून होता. तो तसा आहे, हे पाहावयास आम्हांस दोन मिनिटे पुरली असती.

असो. पुढे काय झाले, ते सांगून लेखणी आवरतो. आजींकडून मूळ छायाचित्र आम्ही स्वतः आणले, ६०० वर स्कॅन केले, भोवती रुंद चौकट ठेवून नवे पान बसविले आणि त्याच तरुणाकडून ते छापून घेतले. शिल्लक प्रतींत ते चिकटविले. वाटलेल्या प्रतींसाठी मंडळाची मुले घरोघर पान देऊन आली. खर्च आमच्या व भाच्याच्या खिशातून झाला, तो योग्यच होता.

पहिले पान घेऊन आम्ही आजींकडे गेलो. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. पुन्हा डावीकडून बोट चालू लागले. आम्ही श्वास रोखून बोटाकडे पाहत होतो. ते रांगेच्या टोकास पोहोचले आणि तेथे थांबले. पुष्कळ वेळ थांबले. मग त्यांनी नातवास हाक मारली, म्हणाल्या, "हा बघ. हा आमचा दादा." आणि पान उघडेच ठेवून आम्हांस चहा विचारला.